गेममधली गोष्ट आणि सिनेमातली गोष्ट: फरक नेमका कशात आहे?

धरमपेठी मास्तर (प्रश्न)

नमस्कार. मी नागपुरात महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेली अनेक वर्षे आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, एक सिनेमा पाहतो आणि त्यावर मध्यरात्रीपर्यंत वाद घालतो. व्हिडिओ गेमशी माझा संबंध मात्र एवढाच की उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा राहायला आला की बैठकीतला टीव्ही आणि कूलरसमोरची जागा या दोन्ही गोष्टी महिनाभर त्याच्या ताब्यात जातात.

यंदाच्या मे महिन्यात ‘द लास्ट ऑफ अस’ या मालिकेचा पहिला सीझन मी दोन-तीन रात्रींत पाहून संपवला. मालिका २०२३ साली सुरू झाली आणि ती २०१३ साली आलेल्या त्याच नावाच्या गेमवर बेतलेली आहे, हे मला भाच्याकडूनच कळले. पुढे मी शेवट सांगणार आहे, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावे. बुरशीच्या साथीने जग मोडून पडल्यावर जोएल नावाचा, स्वतःची मुलगी गमावलेला माणूस एली नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन दूरच्या प्रवासाला निघतो, कारण साथीवरचा उपाय तिच्या शरीरातून मिळेल अशी आशा असते. तो उपाय मिळवायचा तर शस्त्रक्रियेत तिचा जीव जाणार हे शेवटी कळते, तेव्हा तो इस्पितळातल्या लोकांना आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरलाही ठार मारून तिला उचलून नेतो आणि नंतर तिच्याशी धादांत खोटे बोलतो. बापाच्या मायेतला स्वार्थ इतका उघडावाघडा मी फार कमी वेळा पाहिला आहे, असे मी जेवताना म्हणालो. भाच्याने ताटातून मान वर न करता उत्तर दिले, “मामा, तुम्ही नुसते पाहून राहिले होते. मी करून राहिलो होतो.”

मला ते उत्तर उद्धट वाटले आणि ते डोक्यातून जाईना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला तो प्रसंग गेममध्ये दाखवायला सांगितले. त्याने मला शस्त्रक्रियेच्या खोलीपर्यंत आणून सोडले आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. डाव्या स्टिकवरचे रबर झिजून गुळगुळीत झाले होते. समोर डॉक्टर छोटी सुरी रोखून उभा होता. मी काहीच केले नाही, तर तोही काही करीना. कूलरच्या घरघरीत आम्ही दोघे एकमेकांसमोर किती वेळ उभे होतो कोण जाणे. भाचा म्हणाला, “काही उपयोग नाही मामा, मारल्याशिवाय गेम पुढे जात नाही.” शेवटी कोणते बटण कशाचे हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन-तीन बटणे दाबली आणि डॉक्टर पडला.

माझा प्रश्न असा आहे. मला पर्याय दिलेलाच नव्हता. मग मी काही ‘केले’ असे कोणत्या अर्थाने म्हणायचे? पानाचा मजकूर वाचकाने पान उलटल्यावरच पुढे सरकतो, पण म्हणून खून वाचकाने केला असे आपण म्हणत नाही. शिवाय त्या खोलीत पोहोचेपर्यंत भाच्याने वाटेत शंभर-दीडशे माणसे सहज लोळवली असतील, तर मग एका डॉक्टरचे एवढे काय? गेम ही कथा सांगण्याची खरोखर वेगळी रीत आहे, की सिनेमाचे तुकडे करून मध्येमध्ये बटणे पेरलेली आहेत? ज्यांनी दोन्हींकडे जरा खोलात जाऊन पाहिले आहे अशांचे मत वाचायला आवडेल.


सदरचा संकलक

सर, मी व्यवसायाने व्हिडिओ संकलक आहे. पोटासाठी लग्नाचे व्हिडिओ कापतो आणि हौसेसाठी मित्रांचे लघुपट. लग्नाचे तीन कॅमेऱ्यांचे मिळून चाळीस तासांचे चित्रण माझ्याकडे येते आणि त्यातून मी चाळीस मिनिटे ठेवतो, म्हणजे माझे काम मुळात वेळ फेकून देण्याचे आहे. सिनेमाची गोष्ट कॅमेऱ्यात जितकी घडते तितकीच, किंबहुना त्याहून जास्त, या फेकण्यात घडते. नवरी दाराशी आली आणि पुढच्या शॉटमध्ये तिच्या वडिलांचा रिकामा हात दिसला, तर मधली पंधरा मिनिटे प्रेक्षक स्वतः भरून काढतो आणि त्यातच रडतो. कट हा सिनेमाचा श्वास आहे आणि गेमला तो जवळजवळ घेताच येत नाही, कारण मी चालत असताना मध्येच कट मारला तर चालणारा मी उरतच नाही. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी बटणांत शोधण्याऐवजी या न कापलेल्या वेळात शोधीन.

तुम्ही म्हणता त्याच गेमचे उदाहरण देतो. इस्पितळाच्या थोडे आधी एका पडक्या इमारतीत जिराफ दिसतात. जोएल आणि एली कठड्याला टेकून पाहत राहतात. मालिकेतही हा प्रसंग आहे आणि तो सुंदरच आहे, पण तिथे किती सेकंद पाहायचे हे माझ्यासारख्या कोणी तरी ठरवले आहे. गेममध्ये मी बटण दाबून निघेपर्यंत ते दोघे तिथेच टेकून राहतात. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, सकाळी एका कुटुंबाला व्हिडिओ द्यायचा होता, आणि तरीही मी निघालो नाही. इथून निघालो की पुढे काही तरी वाईट होणार हे जाणवत होते आणि न निघणे एवढेच माझ्या हातात होते. तुमच्या डॉक्टरसमोरच्या उभे राहण्याला मी याच जातीचे मानतो. गेमने तुम्हाला पर्याय दिला नाही हे खरे, पण टाळाटाळ करायला जागा दिली, आणि ती तुम्ही मनापासून केली. पान उलटणाऱ्या वाचकालाही थांबता येते, मान्य. पण थांबलेल्या वाचकासमोर पुस्तकातला डॉक्टर सुरी घेऊन ताटकळत उभा राहत नाही.

दुसरे उदाहरण ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या २०१८ सालच्या गेमचे. काळ १८९९, नायक आर्थर मॉर्गन हा दरोडेखोरांच्या टोळीतला. सुरुवातीच्या काही कामांत एका आजारी, कर्जबाजारी शेतकऱ्याला मारहाण करून वसुली करायची असते. मी ती केली. खरे सांगायचे तर फार विचार न करता, उरकून टाकायचे काम म्हणून केली. तो माणूस खोकतो आणि त्याच्या रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. पुढे फार नंतर आर्थरला क्षय झाल्याचे निदान होते आणि तो रोग कुठून आला हे कळते. सिनेमात या दोन प्रसंगांत फार तर तासाभराचे अंतर राहिले असते. माझ्या बाबतीत मध्ये तीन आठवडे गेले होते. या तीन आठवड्यांत मी रोज रात्री घोड्यावरून लांबच लांब रपेट केली होती, मासे पकडले होते, तंबूत कॉफी प्यायलो होतो. संकलक म्हणून माझ्या टेबलावर ही रपेट आली असती तर मी तिची दहा सेकंदे ठेवली असती. पण निदानानंतर त्याच रस्त्यांवर, त्याच घोड्यावर बसलेला आर्थर खोकू लागतो आणि तेव्हा लक्षात येते की त्या कंटाळवाण्या रपेटीनेच मला त्या माणसाच्या अंगाची सवय लावून ठेवली होती. कटने हे साधत नाही, त्यासाठी वेळ खर्चावाच लागतो.

उलट बाजूही सांगतो. १९४७ साली रॉबर्ट माँटगोमेरी या नटाने ‘लेडी इन द लेक’ नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात जवळजवळ सगळे चित्रीकरण गुप्तहेराच्या डोळ्यांतून आहे. पात्रे थेट भिंगात पाहून बोलतात आणि नायक दिसतो तो बहुधा आरशात. कल्पना गमतीची आहे, पण पाहताना आपल्याला खुर्चीला बांधून कोणी तरी ढकलत नेत आहे असे वाटत राहते. हाच दृष्टिकोन गेममध्ये इतका स्वाभाविक वाटतो की कोणी त्याची दखलही घेत नाही, कारण तिथे मान मी वळवतो. डोळा उसना देऊन भागत नाही, मानही द्यावी लागते.

आणि म्हणूनच सिनेमा व्हायला निघालेल्या गेमचा मला राग येतो. ‘मेटल गिअर सॉलिड ४’ च्या शेवटाकडची न खेळता पाहायची दृश्ये तासाभराहून लांब आहेत. मी कंट्रोलर बाजूला ठेवला, तर्री-पोहे मागवले, खाल्ले, हात धुतले, तरी माणसे बोलतच होती. तेवढ्या वेळात मला खरा सिनेमा पाहता आला असता, तोही नीट कापलेला.


महालातला म्हातारा

वरचे दोन्ही लेख वाचले. जिराफाचा मुद्दा मला पटला, पण तरुण मंडळींनी एका गोष्टीकडे डोळेझाक केली आहे असे वाटते. गेम हा अखेर खेळ आहे, आणि खेळात माणूस जिंकायला बसतो. ज्या कथेत जिंकण्यासारखे काहीच नाही तिचे काय करणार?

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) घ्या. गावाच्या सांगण्यावरून जब्या या शाळकरी पोराच्या घरच्यांना डुक्कर धरावे लागते. शाळा शेजारीच असते, गाव दगडांवर बसून तमाशा पाहत असते, हसत असते, आणि वर्गातल्या ज्या आवडत्या शालूपासून हे सगळे लपावे म्हणून जब्या धडपडत आला आहे ती शालूही त्या बघ्यांत असते. आता कल्पना करा की हाच प्रसंग गेममध्ये आहे आणि जब्या तुमच्या हातात आहे. डुक्कर कोणत्या गल्लीतून निसटेल, फास कधी टाकायचा, बहीण डावीकडून आली तर आपण उजवीकडून अडवायचे का, याच हिशेबात तुम्ही गुंताल. दोनदा हुकेल आणि तिसऱ्यांदा डुक्कर सापडेल तेव्हा तुम्हाला आनंद होईल. तो आनंद म्हणजे त्या प्रसंगाचा खून आहे. सिनेमात मला डुक्कर धरण्याची जरासुद्धा घाई नसते, म्हणूनच माझी नजर जब्याच्या चेहऱ्यावर राहू शकते. लाज पाहायला हात रिकामे असावे लागतात.

त्याच प्रसंगात डुक्कर टप्प्यात आलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. हे मी चित्रपटगृहात पाहिले तेव्हा माझ्या शेजारचा माणूस आधी हसला आणि मग एकदम गप्प झाला. अखेरच्या क्षणी जब्या दगड भिरकावतो तो सरळ पडद्याच्या अलीकडे, आपल्या दिशेने. प्रेक्षक काही करू शकत नाही, बसून असतो, म्हणून तर तो दगड त्याला लागतो. तुमच्या गेममध्ये प्रत्येक जण नायक आहे. मग दगड लागायचा कोणाला?


परसोडीचा प्रोग्रॅमर

काका, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला, कारण दिवसा मी इथल्या आयटी पार्कमध्ये नोकरी करतो आणि रात्री दोन मित्रांबरोबर एक छोटा गेम बनवतो, जो गेली तीन वर्षे ‘जवळपास झालाच’ आहे. तुमच्याकडे वळण्याआधी मास्तरांच्या ‘पर्याय नव्हता’ या तक्रारीबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्या रात्री त्यातच जातात.

बाहेरच्यांना वाटते की गेमची ताकद निवडीत आहे: हवे ते करा, गोष्ट तशी वळेल. आम्हीही तसेच समजून सुरुवात केली. पण कथेत दहा ठिकाणी दोन-दोन वाटा ठेवल्या आणि एकही वाट दुसरीला मिळू दिली नाही, तर १,०२४ शेवट होतात. प्रत्येकाचे संवाद लिहायचे, चित्रे काढायची, आवाज मुद्रित करायचे, आणि एक खेळणारा त्यातला एकच रस्ता पाहणार. त्यामुळे सगळेच वाटा फोडतात आणि पुढच्या वळणावर गुपचूप जोडून घेतात. ही युक्ती संगणकाहून जुनी म्हणावी लागेल. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात ‘किनोऑटोमॅट’ नावाचा प्रयोग झाला. रादूझ चिंचेरा यांच्या या चित्रपटात मोक्याच्या जागी सिनेमा थांबायचा, निवेदक मंचावर यायचा आणि प्रेक्षक खुर्चीवरची बटणे दाबून पुढे काय व्हावे यावर मत द्यायचे. गंमत म्हणजे कोणतीही वाट बहुमताने निवडली तरी गोष्ट पुढच्या थांब्यावर त्याच जागी यायची. २०१८ साली आलेल्या ‘ब्लॅक मिरर: बँडरस्नॅच’ मध्येही सुरुवात नायकाने न्याहारीला काय खावे इथून होते आणि प्रेक्षकाने वेळेत निवडले नाही तर सिनेमा स्वतःच निवडून मोकळा होतो. मला स्वतःला त्यात हॉटेलचे मेनूकार्ड वाचल्यासारखे वाटले. तेव्हा मास्तर, गेमने तुम्हाला पर्याय दिला नाही याचे वाईट वाटून घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी तो दिल्याचा नुसता आव असतो.

काका, आता तुमचा मुद्दा. जिंकण्याच्या नादात लाज नाहीशी होते, हे बहुतेक गेमच्या बाबतीत खरे आहे. मास्तरांनी विचारलेले ‘शंभर माणसे मारल्यावर एका डॉक्टरचे काय’ हेही त्याच दुखण्याचे दुसरे टोक आहे. कथा एक सांगते आणि हात भलतेच काही करत असतात, या विसंगतीला क्लिंट हॉकिंग या गेम-रचनाकाराने २००७ साली ‘बायोशॉक’ या गेमबद्दल लिहिताना ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ असे नाव दिले. नाव जड आहे, पण अनुभव आपण सगळ्यांनी घेतलेला आहे.

पण ‘पेपर्स, प्लीज’ हा लुकास पोप यांचा २०१३ सालचा गेम तुम्ही खेळावा अशी विनंती करतो. त्यात बंदूक जवळजवळ नाहीच. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे तपासनीस आहात. खिडकीतून पासपोर्ट येतात, तुम्ही शिक्का मारता: हिरवा किंवा लाल. मोबदला दर माणशी मिळतो, आणि संध्याकाळी त्यातून घरभाडे, जेवण, शेकोटी आणि आजारी माणसाचे औषध भागवायचे असते. चूक झाली की यंत्रातून खटखट करत चिठ्ठी बाहेर येते आणि चुका वाढल्या की पगार कापला जातो. एकदा एक माणूस येतो, त्याची कागदपत्रे नीट असतात, जाता जाता तो सांगतो की मागे माझी बायको आहे, तिच्याशी जरा सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशपत्र नसते. मी तिला परत पाठवले. वाईट वाटायला वेळ नव्हता, रांग मोठी होती. पुढच्या तासाभरात माझा हात इतका सरावला की जन्मतारीख, शिक्का आणि छायाचित्र मी एका नजरेत ताडू लागलो, आणि आपण या कामात तरबेज झालो आहोत याचा मला चक्क अभिमान वाटला. गेम बंद करून झोपायला गेलो तेव्हा त्या बाईची आठवण आली. काका, तुम्ही म्हणता तो जिंकण्याचा आनंद इथेही आहे, पण रचनाकाराने त्या आनंदालाच पुरावा केले आहे. ‘फँड्री’चा गेम करायचा झाला तर जब्या खेळणाऱ्याच्या हातात देणे ही चूकच ठरेल. दगडांवर बसून हसणाऱ्यांपैकी एक जण द्यावा, आणि नेम धरून टोमणे मारण्यात त्याला पटाईत करावे. मग दगड कोणाला लागेल याची चिंता उरणार नाही.

मास्तरांसाठी आणखी एक. तुम्ही बटणे चाचपडत ज्या डॉक्टरला मारले, त्याची मुलगी ‘द लास्ट ऑफ अस’च्या २०२० सालच्या दुसऱ्या भागात सूड घ्यायला येते. अर्धा गेम होतो आणि अचानक ती तुमच्या हातात दिली जाते. तिच्या कुत्र्यांना गोंजारायचे, तिच्या मित्रांबरोबर जेवायचे, आणि एका रात्री तिच्या हातांनी एलीशी मारामारी करायची. कित्येक खेळाडू त्यावर भयंकर चिडले होते. मीही अंगठे ढिले सोडून मुद्दाम हरून पाहिले, पण गेम पुन्हा त्याच क्षणावर आणून उभा करी. सिनेमातही दोन बाजूंनी गोष्ट सांगता येते, पण दुसऱ्या बाजूकडे पाठ करून बसणे प्रेक्षकाला शक्य असते.


वडसा ते मनीषनगर

मी मूळचा वडशाचा. नोकरीमुळे नागपूरला आलो, तरी दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके सुरू झाली की एखाद्या शनिवारी गावाकडे निघतोच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने रात्र-रात्र चालणारी ही नाटके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वर आलेल्या त्या जड इंग्रजी शब्दाचे फारसे कौतुक वाटणार नाही. आमच्याकडे बाप मरणपंथाला लागलेला असतो, पोरगी हंबरडा फोडते, पडदा पडतो आणि पुढच्याच प्रवेशात विनोदी नट येऊन मंडपाला हसवून लोळवतो. मग एखादी लावणी होते. नंतर पुन्हा बाप, आणि बाया पुन्हा पदर डोळ्यांना लावतात. कोणीही उठून विचारत नाही की बाप मरत असताना हे लोक नाचत कसे होते. थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसायचे तर मधे मोकळे होण्याला जागा लागते, हे लिहिणाऱ्यालाही कळते आणि बघणाऱ्यालाही.

माझा मुलगा खेळतो त्या गेममध्ये नायक हरवलेल्या मुलीला शोधायला निघालेला असतो आणि वाटेत बसून पत्ते खेळतो. मला त्यात काही विचित्र दिसले नाही. दोन तासांत संपणारा सिनेमा एकसूत्री राहू शकतो. पन्नास-साठ तास चालणाऱ्या गोष्टीची तुलना सिनेमाशी करण्याऐवजी रात्रभराच्या नाटकाशी करून पाहावी, एवढेच सुचवतो. एक फरक मात्र आहे. आमच्या मंडपात हजार माणसे एकाच वेळी रडतात, आणि माझा मुलगा कानाला हेडफोन लावून बंद खोलीत एकटाच रडत असतो. रडतो हे मी दाराच्या फटीतून पाहिले आहे.


धरमपेठी मास्तर

सर्वांचे मनापासून आभार. इतकी सविस्तर उत्तरे येतील असे वाटले नव्हते, त्यामुळे नुसते आभार मानून मोकळे होणे बरे दिसणार नाही. मधल्या काळात मी एक गेम पूर्ण खेळलो. आयुष्यातला पहिला.

भाच्याने माझी कुवत ओळखून ‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ हा २०१३ सालचा गेम निवडला. तो तीन-चार तासांत संपतो असे तो म्हणाला होता, मला आठ लागले. याचा दिग्दर्शक जोसेफ फारेस हा स्वीडनमधला मूळचा चित्रपट-दिग्दर्शक आहे, हे कळल्यावर संकलकांची कटबद्दलची टिप्पणी मनात ठेवूनच मी खेळायला बसलो. आजारी वडिलांसाठी औषधी पाणी आणायला दोन भाऊ निघतात. भाषा बनावट आहे, एकही शब्द कळत नाही. कंट्रोलरची डावी बाजू थोरल्याची आणि उजवी धाकट्याची. पहिला तासभर माझे अंगठे एकमेकांचे ऐकत नव्हते. थोरला गाडा ओढत असताना धाकटा कुंपणाला धडकत राहायचा आणि भाचा हसून हसून सतरंजीवर लोळायचा. धाकट्याला पाण्याची भीती आहे, कारण आई बुडून गेली, म्हणून नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला धरतो. हळूहळू मला बाजू आठवाव्या लागेनाशा झाल्या.

मग थोरला मरतो. (महालातल्या काकांनी अजून हा गेम खेळला नसेल तर इथून पुढे वाचू नये.) धाकटा एकटा परत निघतो आणि माझा डावा अंगठा रिकामा होतो. मी तो कशावर ठेवावा हे मला कळेना, म्हणून तसाच स्टिकवर ठेवून दिला. घराजवळ पुन्हा पाणी आडवे येते. धाकट्याचे बटण दाबले, तो पुढे होईना. पुन्हा दाबले. मला वाटले कंट्रोलर बिघडला, आणि मी भाच्याकडे पाहिले, तर तो मुद्दाम कूलरकडे पाहत होता. पाच-सहा वेळा प्रयत्न केल्यावर, काहीच सुचेना म्हणून, डाव्या बाजूचे, म्हणजे थोरल्याचे बटण दाबले, आणि धाकटा पोहू लागला.

हे सिनेमात कसे दाखवले असते, याचा मी त्या रात्री बराच विचार केला. थोरल्याचा आवाज ऐकू आला असता, किंवा पाण्यात त्याची सावली दिसली असती. दोन्ही चालले असते. पण भावाचा आधार माझ्या डाव्या तर्जनीत शिल्लक होता ही गोष्ट दाखवायला कोणत्याही कॅमेऱ्याला जागा नाही. माझा मूळचा पान उलटण्याचा दाखला इथे लंगडा पडला हे मी मान्य करतो, कारण पान कोणत्या बोटाने उलटले यावर पुस्तकातले काहीच अवलंबून नसते. डॉक्टरच्या प्रसंगाबद्दल मात्र माझे समाधान अजून झालेले नाही. संकलक म्हणतात त्याप्रमाणे मी टाळाटाळ केली हे खरे, पण ती अपराधाच्या जाणिवेने केली की निव्वळ बटणे ठाऊक नव्हती म्हणून, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, “दुसऱ्यांदा खेळा मामा, मग समजते.”

तो परवा वसतिगृहात परत गेला आणि जाताना कंट्रोलर विसरला, निदान तसे त्याने सांगितले. प्रोग्रॅमर यांना एक विचारायचे होते: ‘पेपर्स, प्लीज’ दहा वर्षे जुन्या लॅपटॉपवर चालेल का, आणि त्याला कंट्रोलर लागतो की माऊसवर भागते?


परसोडीचा प्रोग्रॅमर

चालेल सर, अगदी आरामात. माऊसवरच खेळा. शिक्के मारायला तोच बरा पडतो.